संकटकाळी देवीचे कवच



आजचे भाषण आपल्या सर्वांच्या घरातल्या एका गोष्टीविषयी आहे. रात्री अपरात्री दारावर थाप पडावी, कुणी आजारी असल्याचे कळावे, आभाळ गडगडू लागावे, नाल्याला पूर आल्याची हाकाटी व्हावी, आणि त्याच क्षणी घरातल्या म्हाताऱ्या माणसाच्या ओठांवर देवीचे नाव यावे, हा अनुभव तुम्हांला आहे आणि मलाही आहे. माझे लहानपण साखरखेर्ड्यात गेले आणि पुढे मास्तरकीही याच मुलखात झाली. तेव्हा जे सांगायचे ते इथलेच सांगतो.

आमची आजी दर नवरात्रात घट बसवी. पत्रावळीवर काळी माती, मातीत पेरलेले गहू, मधे कलश, आणि नऊ दिवस तेवता ठेवलेला नंदादीप. त्या दिव्यापुढे बसून ती देवीचे कवच म्हणे. तिला अक्षर वाचता येत नव्हते. सारे ऐकून पाठ केलेले. उच्चार थोडे इकडचे तिकडे होत, पण एक ओळ चुकत नसे. मी विचारी, "आजी, याचा अर्थ काय गं?" ती म्हणे, "अर्थ असा बापू, का डोक्यापासून नखापर्यंत तिच्या हवाली करायचं, मंग आपलं काम करायचं." या वाक्याचा दुसरा अर्धा भाग समजायला मला पुढे बरीच वर्षे लागली.

आमचे गाव संकटाला नवे नाही. दिनांक ११ ऑक्टोबर १७२४ रोजी याच साखरखेर्ड्याच्या शिवारात निजामउल्मुल्क आणि दिल्लीच्या बादशहाचा सुभेदार मुबारिजखान यांची मोठी लढाई झाली. मुबारिजखान मारला गेला, निजाम दक्षिणेत स्वतंत्र झाल्यासारखा झाला, आणि विजयाची खूण म्हणून त्याने गावाचे नाव फतेहखेर्डा ठेवले. पण लोकांच्या तोंडचे साखरखेर्डा काही पुसले गेले नाही. इतिहासाच्या पुस्तकात सरदारांची नावे येतात. तोफा धडधडत असताना ज्या आयाबाया लेकरे पोटाशी धरून घरात बसल्या असतील, त्यांची नावे येत नाहीत. आपल्या आयाबायांकडे पाहिले, म्हणजे त्यांच्या ओठी काय असेल ते वेगळे सांगावे लागत नाही.

आता हे कवच म्हणजे काय ते थोडक्यात पाहू. मार्कंडेय पुराणात देवीमाहात्म्य नावाचा भाग आहे. त्यालाच आपण दुर्गासप्तशती किंवा चंडीपाठ म्हणतो. त्याचे तेरा अध्याय आणि परंपरेने मोजलेले सातशे मंत्र आहेत. हा भाग सुमारे दीड हजार वर्षांपूर्वीचा असावा, असे अभ्यासक मानतात. पाठाच्या आधी कवच, अर्गला आणि कीलक अशी तीन स्तोत्रे म्हणण्याची रीत आहे. त्यांतले पहिले हे कवच.

कवच हा शब्दच लढाईतला. कवच म्हणजे चिलखत. लोखंडाच्या कड्यांनी जसे अंग झाकावे, तसे या स्तोत्रात नावांनी अंग झाकलेले आहे. पूर्वेला ऐंद्री राखण करते, दक्षिणेला वाराही, पश्चिमेला वारुणी. वरून ब्रह्माणी आणि खालून वैष्णवी. दिशा झाल्या की शरीर. शेंडीपासून आरंभ करून कपाळ, डोळे, कान, जीभ, कंठ, खांदे, हृदय, पोट, मांड्या, घोटे, अगदी नखांपर्यंत एकेका अवयवाला एकेक देवी नेमून दिली आहे. रक्त, मांस, हाडे, पित्त आणि कफसुद्धा त्यात सुटलेले नाहीत. शिक्षक बंधुभगिनींनो, अक्षरशत्रू माणसाच्या तोंडी शरीररचनेची एवढी मोठी यादी या निमित्ताने बसली, ही गोष्ट आपण ध्यानात घेण्याजोगी आहे.

आणि शेतकरी भावांनो, तुमची गायीगुरेही त्यात आहेत. पशूंचे रक्षण चंडिकेकडे दिले आहे, मुलांचे महालक्ष्मीकडे, पत्नीचे भैरवीकडे. वाटेवर सुपथा आहे आणि प्रवासात क्षेमकरी. आग, रणांगण, शत्रूचा वेढा अशी संकटेही आरंभी नावे घेऊन मोजली आहेत. सप्तशतीच्या बाराव्या अध्यायात तर आणखी मोठी यादी आहे: रानातला वणवा, दरोडेखोर, वाघ सिंह आणि रानहत्ती, राजाने दिलेला कैदेचा किंवा मृत्यूचा हुकूम, भर समुद्रात वादळात सापडलेली नाव, आणि महामारी. त्या काळच्या माणसाला ज्याचे ज्याचे भय वाटे ते सारे इथे लिहून ठेवलेले आहे. अकराव्या अध्यायात शंभर वर्षे पाऊस न पडल्याची गोष्ट येते, आणि देवी स्वतःच्या देहातून भाजीपाला उगवून जग जगवीन असे म्हणते. ती शाकंभरी. दुष्काळ पाहिलेल्या माणसाला या कथेचे मोल निराळे सांगावे लागत नाही.

आमच्या भागात संस्कृत पाठ थोड्या घरांत, पण देवी घरोघर. कुणाची माहूरची रेणुका, कुणाची तुळजापूरची भवानी, कुणाची चिखलीची रेणुका, कुणाची लोणारच्या सरोवराकाठची कमळजा. कुणी गोंधळ घालतो, कुणी परडी घेऊन जोगवा मागतो. पैठणच्या एकनाथ महाराजांनी जोगवा लिहिला, पण देवीपाशी त्यांनी पीकपाणी मागितले नाही. बोध मागितला, आणि महिषासुर म्हणजे माणसाचा मोह, असा त्याचा अर्थ लावला. शब्द निराळे, पण भीतीच्या वेळी आई म्हणून हाक मारायची ती हाक एकच. मुसलमान शेजारी त्याच वेळी दुवा मागतो, लिंगायत शेजारी शिवाचे नाव घेतो. भय सर्वांचे सारखेच.

आता ज्यासाठी मी आज आपल्यापुढे आलो ते सांगतो. या कवचात आणखी एक गोष्ट आहे. हे म्हणणाऱ्याला स्थावर, जंगम आणि कृत्रिम असे तिन्ही प्रकारचे विष बाधत नाही, असे त्यात म्हटले आहे. जंगम विष म्हणजे सापाविंचवाचे. याच वाक्यावरून मी दोन प्रसंग पाहिले आहेत. एकात माणूस वाचला, दुसऱ्यात गेला.

पहिला प्रसंग माझ्या लहानपणचा. मृगाच्या पेरणीचे दिवस. माझे काका तिन्हीसांजेला बांधावरून येत होते, तोच त्यांच्या पायाला घोणस डसली. पाय हां हां म्हणता सुजला. अंगणात माणसे जमली. कुणी म्हणे मांत्रिकाकडे न्या, कुणी म्हणे पारावर नेऊन निंबाचा पाला खायला द्या, कुणी ब्लेड शोधू लागला. आजी देवघरातून बाहेर आली. तिने सारे ऐकून घेतले आणि माझ्या वडलांना म्हणाली, "तू गाडी जुंप. कवच मी म्हणते. ते म्हणायला गाडीतबी जागा हाये." आणि खरोखर ती बैलगाडीत काकांचे डोके मांडीवर घेऊन बसली. सडकेपर्यंत बैलगाडी, तिथून पुढे मालमोटार. तालुक्याच्या दवाखान्यात सुई टोचेपर्यंत तिचे म्हणणे थांबले नाही. काका वाचले. पायावर व्रण राहिला, तो ते पुढे आयुष्यभर देवीची खूण म्हणून दाखवीत. डॉक्टरांचेही नाव घ्यायला ते विसरत नसत.

दुसरा प्रसंग सांगणे मला जड जाते. तेव्हा मी नवा मास्तर होतो. पावसाळ्याची रात्र. माझ्या चौथीच्या वर्गातली एक मुलगी पहाटे पोटात दुखते म्हणून उठली. घरातली सारी जमिनीवर निजलेली. अंगावर कुठे जखम दिसेना, सूज दिसेना. थोड्या वेळाने तिच्या पापण्या जड होऊन मिटू लागल्या, बोबडी वळली. घरच्यांना वाटले, बाहेरची बाधा आहे. दिवा लावला, शेजारची जाणती माणसे आली, देवीचा पाठ सुरू झाला. मलाही बोलावले होते. मी दाराशी उभा होतो. ही बाधा नसावी, हिला दवाखान्यात न्यावे, असे माझ्या मनात आले होते. पण पाठ चाललेला, वडीलधारी माणसे बसलेली, आपण मधे कसे बोलावे, पाठ पुरा झाल्यावर सांगू, असे म्हणत मी गप्प राहिलो. पाठ पुरा झाला तेव्हा मुलीला श्वास घेता येत नव्हता. वाटेतच ती गेली. नंतर अंथरुणाच्या वळकटीत मण्यार सापडली.

मण्यार रात्री डसते, निजलेल्या माणसाला डसते, आणि तिचा डंख पुष्कळदा जाणवतही नाही. सूज येत नाही, वेदना होत नाही. पोटात दुखणे, पापण्या मिटणे, गिळता न येणे, बोलणे अडखळणे, आणि शेवटी श्वास बंद पडणे, असा तिच्या विषाचा क्रम आहे. हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. आता ठाऊक आहे, म्हणून सांगतो. पावसाळ्यात पहाटे कुणी अशी तक्रार करील, तर जखम शोधीत बसू नका, दवाखाना गाठा.

या दोन्ही घरांत भक्ती सारखीच होती. शब्दही तेच होते. फरक एवढाच, की एका घरी पाठ गाडीत झाला आणि दुसऱ्या घरी गाडीच्या ऐवजी झाला. त्या घरच्या माणसांना मी दोष देत नाही. त्यांना जे माहीत होते ते त्यांनी केले. मला थोडे अधिक सुचले होते आणि मी बोललो नाही, म्हणून दोष असलाच तर माझ्याकडे येतो.

कुणी विचारील, मग कवचातल्या त्या वाक्याचे काय? ते खोटे का? मला वाटते, याचे उत्तर सप्तशतीच्या कथेतच आहे. सुरथ नावाचा राजा राज्य गमावून रानात येतो. समाधी नावाचा वाणी बायकामुलांनी घराबाहेर काढलेला, तोही तिथेच येतो. दोघे मेधा ऋषींना शरण जातात, देवीची कथा ऐकतात आणि नदीकाठी तीन वर्षे तिची उपासना करतात. देवी प्रसन्न होते. राजा राज्य मागतो. तेव्हा देवी काय म्हणते? थोड्याच दिवसांत तू शत्रूंना मारून आपले राज्य मिळवशील, असे म्हणते. म्हणजे राज्य तिने ओंजळीत टाकले नाही. लढायचे राजालाच होते. तिने त्याला लढण्याजोगा केले.

आणखी घरातले उदाहरण हवे तर आमच्या साखरखेर्ड्याहून सिंदखेडराजा काही लांब नाही. जिजाऊंचे ते माहेर. त्यांच्या पुत्राची भवानीवरची निष्ठा मी आपणांस सांगायला नको. १० नोव्हेंबर १६५९ रोजी प्रतापगडाच्या पायथ्याशी अफजलखानाला भेटायला महाराज निघाले, तेव्हा भवानीचे स्मरण करून निघाले. पण अंगरख्याच्या आत त्यांनी पोलादी चिलखत घातले होते, मंदिलाखाली शिरस्त्राण होते, आणि जावळीच्या रानात फौजा ठिकठिकाणी बसवल्या होत्या. भवानीच्या एवढ्या मोठ्या भक्ताने लोखंडाचे कवच घातले, म्हणून त्यांची भक्ती उणी ठरली काय? मुळीच नाही.

आपल्या भाषेतही ही शिकवण लपलेली आहे. एका भयंकर रोगाला आपण देवी असेच नाव दिले होते. अंगावर फोड आले की देवी आल्या म्हणत, निंबाचा डहाळा दाराला बांधत, शीतळादेवीला दहीभात वाहत. पटकी आली की मरीआईचा गाडा गावाच्या शिवेबाहेर ओढून नेत, आणि शेजारच्या गावाच्या हद्दीत सोडून येत! पण मुंबई इलाख्यात १४ जून १८०२ रोजी ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला देशातली पहिली लस टोचली गेली. पुढे लस टोचणारा गावोगाव फिरू लागला, आणि लोकांनी त्या टोचण्याला नाव दिले देवी काढणे! रोगही देवी आणि उपायही देवी. आमच्या पिढीच्या दंडावर ती खूण आहे. भारतात १९७५ नंतर या रोगाचा रोगी आढळला नाही, आणि ८ मे १९८० रोजी जागतिक आरोग्य संघटनेच्या परिषदेने सारे जग या रोगातून मुक्त झाल्याचे जाहीर केले. शीतळेची देवळे आजही आहेत, बाया आजही तिथे नारळ फोडतात. लस घेतली म्हणून कुणी देवीला विसरले नाही.

तर मग पाठाचा उपयोग काय, असेही कुणी म्हणेल. उपयोग आहे आणि तो मोठा आहे. संकटात माणसाचा पहिला शत्रू घाबरणे. सर्पदंशात तर हे अक्षरशः खरे आहे. घाबरून पळाले, हातपाय झाडले, की विष लवकर भिनते. रोग्याला धीर देणे आणि निश्चल ठेवणे हा प्रथमोपचाराचाच भाग आहे. आजीच्या मांडीवर डोके ठेवून ओळखीचे शब्द ऐकणारे काका स्वस्थ पडून होते, ते काही थोडे काम नव्हते. संथ लयीत पाठ म्हणताना श्वास आपोआप लांब होतो. २००१ साली इटलीतील संशोधकांनी ख्रिस्ती जपमाळ आणि मंत्रजप करणाऱ्या लोकांची तपासणी केली. दोन्ही जपांत श्वास मिनिटाला सहाच्या आसपास येतो आणि हृदयाची गती सावरायला त्याची मदत होते, असे त्यांना आढळले. आजीला हा हिशेब ठाऊक नव्हता. परिणाम ठाऊक होता.

आता सापाविषयी चार कामाच्या गोष्टी सांगतो, त्या गाठीला बांधा. आपल्याकडे माणूस दगावतो तो मुख्यतः चार सापांनी: नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे. या चारांच्याही विषावर चालणारे एकच औषध आहे, ते घोड्याच्या रक्तातून तयार करतात. मुंबईच्या हाफकिन संस्थेने हे काम अनेक वर्षे केले आहे. हे औषध दवाखान्यात शिरेतून द्यावे लागते, त्याला दुसरा पर्याय नाही. साप चावला तर जखम कापू नका, चोखू नका, दोरीने आवळून बांधू नका. अंगठी, कडे, तोडे काढून घ्या. हात किंवा पाय फळीला सैल बांधून हलू देऊ नका. रोग्याला चालवू नका. १०८ क्रमांकावर गाडी बोलवा, किंवा जी गाडी दाराशी असेल तिच्यात घाला. साप मारण्यात वेळ घालवू नका. डॉक्टर लक्षणांवरून उपचार करतात. आणि पावसाळ्यात शक्यतो खाटेवर, मच्छरदाणी खोचून निजा. रात्री कंदील किंवा बॅटरी घेतल्याखेरीज बाहेर पाऊल टाकू नका.

शिक्षकांना माझी एक सूचना आहे. कवचात जशा दिशा वाटून दिल्या आहेत, तसे आपल्या गावाचे कवच मुलांकडून फळ्यावर लिहून घ्यावे. पूर्वेला काय आहे? नाला असेल तर पूर आल्यावर कोणत्या वाटेने जायचे नाही? पश्चिमेला उंच झाड असेल तर वीज कडाडताना त्याखाली का थांबायचे नाही? सर्पदंशाचे औषध असलेला जवळचा दवाखाना कोणत्या दिशेला? रात्री गाडी कुणाच्या दाराशी असते? एकेका दिशेपुढे एकेक संकट आणि एकेक राखणदार लिहावा. मुले ते पाठ करतील आणि घरी जाऊन म्हणून दाखवतील. म्हाताऱ्या माणसांनाही ते परके वाटणार नाही, कारण रचना त्यांच्या ओळखीची आहे.

आणि जाणत्या वडीलधाऱ्यांना एक विनंती. पाठ चालू असताना एखादा पोरगेला मास्तर, एखादी शाळकरी मुलगी, गावातली आशाताई दाराशी येऊन म्हणाली, "आधी दवाखान्यात चला", तर तिला अडवू नका. देवीचा शब्द कुणाच्या तोंडून येईल ते सांगता येत नाही. आणि दाराशी उभ्या असलेल्या माणसाला माझे सांगणे, की पाठ संपायची वाट पाहू नकोस. मी पाहिली होती.

आमची आजी जाऊन पुष्कळ वर्षे झाली. नवरात्रात मी अजून घट बसवतो आणि कवच म्हणतो. पोथीत पाहून म्हणतो, कारण तिच्यासारखे पाठ नाही. म्हणताना शेवटी तिचे शब्द आठवतात: तू गाडी जुंप, कवच मी म्हणते. तुमच्या घरी संकट येऊ नये, आणि आलेच तर ही दोन्ही कामे करणारी माणसे घरात असावीत, एवढेच त्या आईपाशी मागणे.